पेशकारांची खुर्ची

होळी झाली की आमच्या घरात बोलणं कमी व्हायचं. बाप हिंगोलीच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस वाहायचा. कापूस सरला की जीन बंद, आणि जीन बंद की बाप खांद्यावर घोंगडं टाकून गावी परत. आमचं गाव साखऱ्याच्या बाजूला, हलक्या रानाचं. तोवर जवारीची मळणी उरकलेली असायची, आणि पुढं मिरगाच्या पावसापर्यंत कुणी कुणाला कामाला बोलवत नसे. बाप वेशीत दिसला की माय काही न विचारता बिऱ्हाड बांधायला घ्यायची. आम्ही पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात जायचो. दगड फोडायचे, विहिरी खणायच्या, मिळेल ते करायचं. दार नुसतं ओढून घ्यायचं. आत चोरानं न्यावं असं काही नव्हतं.

एका वर्षी वाटेत धाकटा भाऊ तापानं गेला. त्याला नदीच्या अलीकडं पुरलं आणि त्याच दिवशी आम्ही पुढं चालायला लागलो. थांबलो असतो तर विहिरीचं काम दुसऱ्या टोळीनं घेतलं असतं. माय त्यानंतर कित्येक वर्षं ती नदी ओलांडताना पाण्याकडं बघत नसे.

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. माझ्या आधी आमच्यात कुणाला सही येत नव्हती. हे मी ताठ मानेनं सांगते, आणि त्याच मानेनं हेही सांगते की माझ्या पदवीची सुरुवात शाळेत झाली नाही. ती एका विक्षिप्त म्हाताऱ्याच्या अंगणात, लिंबाच्या झाडाखाली झाली.

गाव त्यांना पेशकार म्हणायचं. पेशकार म्हणजे कचेरीत तहसीलदाराच्या शेजारी उभा राहून एकेक प्रकरण पुढं मांडणारा माणूस. निजामाच्या राज्यात त्या जागेला मोठा मान होता. यांनी ती नोकरी मधेच सोडून दिली होती, पण काळी शेरवानी सोडली नव्हती. वर शेरवानी, खाली धोतर, पायात काही नाही. वैशाखातसुद्धा गळ्यापर्यंत बटणं लावलेली. उकडत नाही का, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, शेरवानीला उकडत असेल, मी कुठं तिला विचारून राहिलो.

घरात ते आणि एक शेळी. शेळी ओरडली की ते तिच्याशी कचेरीच्या भाषेत बोलायचे. दरखास्त पोचली, विचार चालू आहे, गलका नको. मग हळूच उठून पाला टाकायचे आणि म्हणायचे, मंजूर.

त्यांच्या शेरवानीला दोन खिसे होते. डावा घ्यायचा आणि उजवा द्यायचा. कुणी तंबाखू दिली, सुपारी दिली की ती डाव्यात जायची. पोरांना फुटाणे निघायचे ते उजव्यातून. एकदा शेजारचं लेकरू पडलं, रडायला लागलं, आणि उजवा खिसा रिकामा होता. डाव्यात कुणीतरी दिलेला गूळ होता, सगळ्यांना दिसत होता. त्यांनी तो काढला नाही. घरात गेले, फुटाणे आणून उजव्या खिशात घातले, मग त्यातून काढून लेकराला दिले. तोवर लेकरू रडायचं थांबलं होतं. बायका हसल्या. पेशकार गंभीरपणे म्हणाले, खिसे एकदा एक झाले की देणाऱ्याला कळत नाही आपण देऊन राहिलो की घेऊन राहिलो.

ह्या वेडाचं मूळ मला बापानं सांगितलं. एका कोरड्या साली सरकारनं सडकेचं काम काढलं होतं, उपाशी माणसांना हाताला काम म्हणून. मजुरी वाटायची ती कचेरीतल्याच टेबलावर, आणि थकलेला शेतसारा वसूल करायचा तोही त्याच टेबलावर. एक शेतकरी मजुरी घ्यायला आला. त्याचं नाव पुकारलं, मजुरी टेबलावर ठेवली, आणि हातात पडायच्या आत सारा म्हणून मागं ओढली. तो माणूस रिकाम्या हातानं, वाकून सलाम करून गेला. नाव पुकारणारे हेच होते. ते घरी आले आणि परत गेले नाहीत. बापाला ते म्हणाले होते, "त्यानं शिवी दिली असती तर मी आजपण नोकरीत असतो. त्यानं सलाम केला."

तर गावात आल्यावर त्यांनी पेव उकरलं. जमिनीत घागरीच्या आकाराचा खोल खड्डा, आत कडब्याचं अस्तर, वर दगड आणि शेणमातीचा लेप. पेवं गावात बड्यांची होती. हे कुणा एकाचं नव्हतं. नियम असा की मळणीच्या वेळी, जेव्हा ज्याच्या हाताला काम आहे तेव्हा, त्यानं जमेल तेवढी जवारी पेवात घालायची. शेतकऱ्यानं राशीतून, मजुरानं मजुरीतून. आणि ज्याचं काम थांबेल त्यानं काम परत मिळेपर्यंत पेवातून खायचं.

पहिल्याच मळणीला वरच्या आळीचे देवराव भांडायला आले. त्यांची चांगली जमीन, दोन बैलजोड्या. त्यांचं म्हणणं, सरकारचा सारा एक, आता हा तुमचा दुसरा. माझं काम कधी थांबत नाही, मी काहून देऊ? पेशकारांनी त्यांना विचारलं, सारा भरल्यावर तुम्ही तो परत मागायला कधी गेलात काय? देवराव म्हणाले, असं कुणी जातं व्हय. पेशकार म्हणाले, हितं या. हितं मागायला यायचं असतं, त्याच्यासाठीच ठेवायचं. देवरावांना ते पटलं नाही. लोकांत हसं नको म्हणून त्यांनी एक टोपली घातली, आणि जाताना म्हणाले की ही कुत्र्याला घातली असं समजतो.

आता खुर्ची.

कचेरी सोडताना पेशकारांनी तिथली एक मोडकी खुर्ची उचलून आणली होती. वेताची बैठक फाटलेली, तिथं त्यांनी बाजेची सुतळी विणली होती. ही खुर्ची पेवाजवळ लिंबाखाली असायची. तिच्यावर ते स्वतः कधीच बसत नसत. ज्याचं काम थांबलं आहे त्यानं येऊन तिच्यावर बसायचं, आणि पेशकार उभं राहून त्याच्या पदरात जवारी घालणार, असा रिवाज. बसल्याशिवाय दाणा मिळायचा नाही. त्यांचं गणित साधं होतं. कचेरीत घेणारा बसतो आणि देणारा उभा राहतो, हे सगळ्या दुनियेनं मान्य केलेलं आहे. मग इथला घेणारा काहून उभा राहील?

बसल्यावर ते एकच प्रश्न विचारायचे. "काम तुम्हाला सोडून गेलं, की तुम्ही कामाला सोडून आलात?" त्यावर बसलेल्यानं लिंबाकडं बघून खरं सांगायचं. एकदा एक जवान गडी मालकाशी भांडून आला आणि मोठ्या ऐटीत बसला. प्रश्न ऐकल्यावर त्यानं वर झाडाकडं पाहिलं, खाली पाहिलं, आणि आपणच उठून निघून गेला. पेशकारांनी त्याला हाक मारून फुटाणे दिले, जवारी दिली नाही.

माय पहिल्यांदा बसली तो दिवस मला आठवतो, कारण मी तिच्या पदराला धरून होते. आमच्यातली बाई खुर्चीवर, तीही वरच्या आळीच्या तोंडासमोर, हे गावात झालेलं नव्हतं. माय जमिनीवर बसायला लागली. पेशकार म्हणाले, बाई, तिथं नाही. माय म्हणाली, "म्या हितंच बरी हाय, सायेब." ते नुसते माप हातात धरून उभे राहिले. ऊन चढलं. शेळीसुद्धा कंटाळून बसली. शेवटी माय खुर्चीच्या कडेवर टेकली, एवढीशी, जणू खुर्ची तापलेली आहे. त्यांनी प्रश्न विचारला. मायनं सांगितलं, जीन बंद झालं, आमी न्हाई सोडलं. आणि पदर भरला. घरी येताना ती रस्त्याच्या मधून चालत होती. एरवी ती कडेनं चालायची.

त्यानंतरच्या साली देवरावांची बैलं रोगानं मेली. दोन्ही जोड्या, एका पंधरवड्यात. जमीन आहे आणि ओढायला कुणी नाही. ते पेवाकडं येईनात. पेशकारांनी निरोप पाठवला नाही, घरी गेले नाहीत. फक्त रोज सकाळी खुर्ची पुसून ठेवायचे आणि वरच्या आळीकडं तोंड करून ठेवायचे. एके दिवशी देवराव आले, डोक्याला फडकं गुंडाळून, जणू दाढ दुखते आहे. माझ्या मायच्या नंतर नंबर होता. माय उठली, ते बसले. त्यांना प्रश्न विचारला तेव्हा त्यांनी फडकं डोळ्यांवर ओढलं. पेशकारांनी उत्तर न घेताच माप भरलं. एवढा एकच अपवाद मी पाहिला.

पुढं कॉलेजात अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी सांगितलं की परदेशात बेकारीचा विमा असतो. काम असताना माणूस थोडं बाजूला ठेवतो, काम गेलं की त्यातून त्याला मिळतं. कर गोळा करणारं खातं वेगळं आणि हे वेगळं, कारण करात दिलेलं सरकारचं होतं आणि विम्यात ठेवलेल्यावर ठेवणाऱ्याचा हक्क राहतो. मी उभी राहिले आणि म्हटलं, सर, हे आमच्या गावात होतं. वर्ग हसला. सर हसले नाहीत. खडू खाली ठेवला आणि म्हणाले, सांगा. मी त्यांना जे सांगितलं ते लेव्हीच्या दिवसाचं होतं. तेच इथं लिहिते.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. सरकारनं धान्याची लेव्ही लावली होती. म्हणजे शेतकऱ्याच्या राशीतलं धान्य सरकार आपल्या भावानं घेऊन जायचं. लेव्हीच्या गाड्या टेकडीवर दिसल्या की गाव रिकामं व्हायचं. धान्य घरात पुरायचं, गुरं पुढं घालायची, आणि बायकापोरांसकट नाल्यात जाऊन पळसाच्या झुडपांत बसायचं. गाड्या परत फिरेपर्यंत कुणी खोकायचंसुद्धा नाही. हे सगळ्यांना इतकं अंगवळणी पडलं होतं की ज्यांच्याकडं द्यायला एक दाणा नाही ते आमच्यासारखेही पळायचे.

त्या दिवशी गाड्या आल्या आणि गाव नाल्यात गेलं. पेशकार तेवढे गेले नाहीत. लिंबाखाली काय झालं ते कोतवालानं पाहिलं. आमच्या गावचा कोतवाल म्हणजे दवंडी देणारा, साहेब आला की त्याला हजर राहावं लागे. पुढं जन्मभर तो हे सांगत राहिला, आणि एक अक्षर बदलत नव्हता.

लेव्हीचा साहेब आला, उन्हानं घामाघूम झालेला. सावलीत खुर्ची दिसली, तो बसला. पेशकार पुढं झाले, वाकून सलाम केला आणि काळजीच्या आवाजात विचारलं, "हुजूर, नोकरी गेली काय?"

साहेबाला कळेना. पेशकारांनी अदबीनं समजावलं की ह्या खुर्चीवर काम गेलेला माणूस बसतो. हुजुरांचं तसं काही झालं असेल तर जवारी हजर आहे, मापायला घेतो. साहेबाबरोबरचे शिपाई दुसरीकडं बघायला लागले. साहेब उठून गाडीच्या जुवावर जाऊन टेकला. पण तो चिडला होता, आणि त्याला खबर पक्की लागलेली होती. पेवाकडं बोट करून तो म्हणाला, "ये महसूल है, पेशकार साब. हर घर से लेते तुम. महसूल सिर्फ सरकार लेती." पेव उघडून सगळी जवारी गाड्यांत भरायचा त्यानं हुकूम दिला.

ती जवारी गेली असती तर काय झालं असतं हे सांगायला नको. होळी होऊन गेली होती. बाप दोन दिवसांपूर्वीच हिंगोलीहून आला होता. आधीच्या सालांत पेव मिरगापर्यंत पुरलं नव्हतं, ह्या साली ते काठोकाठ भरलं होतं, म्हणून ह्या वेळी मायनं बिऱ्हाड बांधायला घेतलं नव्हतं, पेवाच्या भरवशावर.

पेशकार आडवे आले नाहीत, हात जोडले नाहीत. त्यांनी साहेबाला विचारलं की हुजूर, महसूल म्हटला की रयत काय करते? साहेब हसला. रिकाम्या घरांकडं हात करून म्हणाला, ये करती. पेशकार म्हणाले, बराबर. आता पेवात जवारी घालायला या, अशी माझ्या नावानं दवंडी देऊ द्या. हे पेव महसूल असेल तर कुणी येणार नाही, मग मी स्वतः माप धरून तुमच्या गाड्या भरतो. लोक आले तर तुम्ही पेवाला हात लावायचा नाही. साहेबाला त्यात गंमत वाटली. नाल्यातून कोण वर येणार हे त्याला माहीत होतं. त्यानं सगळ्यांसमोर शब्द दिला.

पेशकारांनी कोतवालाला बजावलं की पैज लागली आहे हे सांगायचं नाही. नुसती दवंडी द्यायची. सांगून आणलेली माणसं म्हणजे परत वसुलीच झाली.

आम्हाला नाल्यात हलगी ऐकू आली. कोतवाल काठावर उभा राहून ओरडला, पेशकारांच्या पेवात जवारी घालायची हाय, ज्याला वाटंल त्यानं यावं, ज्याला वाटंना त्यानं बसून ऱ्हावं. आणि तो निघून गेला.

कुणी हललं नाही. पुरुष कुजबुजायला लागले. हा डाव आहे, पेशकारांना धरून ठेवलं आहे, असं कुणी म्हणालं. खरी भीती वेगळी होती, आणि ती देवरावांनी बोलून दाखवली. आता जो टोपली घेऊन साहेबासमोर जाईल, त्याच्या घरात धान्य आहे हे साहेबाला दिसेल. पेवात एक टोपली घालायची आणि लेव्हीत पोतं द्यायचं. गप बसावं हे शहाणपण. बाप मान हलवत होता. आमची आठवड्याची जवारी मायनं पळताना पदरात बांधून आणली होती.

माय उठली. बापानं तिचा हात धरला. ती हळू आवाजात बोलली, पण झुडपाझुडपातून ऐकू गेलं.

"ज्या माणसानं मला खुर्चीवर बसवून दिलं, त्याला आज एकल्याला उभं ठेवून मी हितं लपू? मग उद्या कंच्या तोंडानं बसू तिथं?"

ती काठ चढून वर गेली. मी मागं, बाप माझ्या मागं. मागं वळून बघायची माझी हिंमत नव्हती. थोड्या वेळानं मागून देवरावांचा आवाज आला, दम लागलेला. "बाई, जरा हळू चाल. तुझ्या मागून येऊन राहिलो."

वरच्या आळीचा माणूस आमच्या मायच्या मागून चालत गावात शिरला.

मग घरं उघडायला लागली. पुरलेलं उकरलं गेलं. कुणी टोपली, कुणी सूप, कुणी फडक्यात बांधून. टेकडीवरच्या बंजारा तांड्यावरची माणसं खाली आली, ती तर बोलावल्याशिवाय गावात येत नसत. लिंबाखाली दाटी झाली. पेशकार पेवाच्या तोंडाशी उभे होते, शेरवानीची सगळी बटणं लावून, आणि त्यांच्या दाढीवरून पाणी गळत होतं. घाम असेल. उकाडा होता.

साहेब जुवावरून उठला होता. त्यानं मायला अडवून विचारलं की कुणाच्या हुकमानं आणलंस? माय त्याच्याकडं बघून म्हणाली, "हुकूम कुणाचाच न्हाई, सायेब. माझंच हाय, मलाच लागंल, म्हणून ठेवून राहिले."

मग त्यानं देवरावांना विचारलं, तू तर जमीनवाला दिसतोस, तुला काय गरज? देवरावांनी सगळ्या गावासमोर खुर्चीकडं बोट केलं. म्हणाले, बैलं मेली तवा मी बसलो व्हतो हिच्यावर. ह्या वेळी त्यांच्या डोक्याला फडकं नव्हतं.

साहेबानं खुर्चीकडं पाहिलं, मग पेवाकडं पाहिलं. माणसं येतच होती. शेवटी त्यानं शिपायांना पेवापासून बाजूला व्हायला सांगितलं आणि पेशकारांना म्हणाला, "ये महसूल नहीं. ये अमानत है." आणि शब्द पाळला. पेवातल्या एका दाण्याला त्यानं हात लावला नाही.

लेव्ही मात्र त्यानं घेतली. ज्यांच्या टोपल्या त्याला दिसल्या होत्या त्यांना ती चुकवता आली नाही, देवरावांना सगळ्यांत जास्त बसली. गाड्या गेल्यावर कुणीतरी त्यांना डिवचलं, काय देवराव, एक टोपली केवढ्याला पडली? ते म्हणाले, तू नाल्यात बसला व्हतास, तुला भाव काय ठाऊक. पेशकारांनी हे ऐकलं आणि मी त्यांना पहिल्यांदा आणि शेवटचं मोठ्यानं हसताना पाहिलं. शेळी दचकून उठली.

त्या साली होळीपासून मिरगापर्यंत आमच्या गावातलं एकही बिऱ्हाड पोटासाठी बाहेर गेलं नाही. आम्हीही पैनगंगा ओलांडली नाही. शाळेच्या हजेरीत माझं नाव पहिल्यांदा वर्षभर राहिलं, आणि त्या वर्षी मी परीक्षेला बसले आणि पास झाले.